ढगाळ सकाळ आणि कोरडा पाय

मंडळी, किहीमला काल पहाटे शाल लागली होती, आज चक्क पंखा लावला. बाहेर पाहिलं तर आभाळ भरलेलं!

साठ सालाच्या आसपासची अशीच एक सकाळ आठवली. थंडी नाही म्हणून आम्ही भावंडं खूश. पण भातानंतरचा आमचा वाल दवावरच वाढायचा. बाबांनी वेलांतून अनवाणी पाय फिरवला आणि कोरडा पाय बघत म्हणाले, "दव पडलंच न्हाय. वाल काय पिऊन जगंल?"

जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. ढग त्यातली बरीचशी परत धाडतात. जमीन गारच झाली नाही, तर दव कसं पडणार? पाऊस देणारे ढगच दव अडवतात, याचं मला अजून नवल वाटतं.

आज मीही आमच्या त्याच शेताच्या जागी चप्पल काढून पाय फिरवून पाहिला. पाय कोरडाच. तिथे आता वाल नाही, लॉन आहे. तरी काळजी वाटली.

तुमच्याकडे पडलं का हो दव?