कुठे काचतंय?

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ताईचा प्रश्न ठरलेला असे, "कुठे काचतंय का?" ते भिडेखातर नाही म्हणालं, तरी तिचं समाधान होत नसे. मग ती त्याला खाली बसवी, हात वर करायला लावी. एका जाडजूड वकिलाला तर तिने भर दुकानात उठाबशा काढायला लावल्या होत्या. उभ्या माणसाला कपडा कुठे काचतो ते कळतच नाही, असं तिचं ठाम मत. शिवणकामात बाई नावाजलेली होती आणि तितकीच फटकळही.

तिचा धाकटा भाऊ तिच्याच दुकानात काम करायचा. कोटाची काजं तो हाताने करी, आणि ती इतकी सुबक की गिऱ्हाइकं बटण लावायचं सोडून काजच न्याहाळत बसत. गुंडी आणि काज हाच त्याचा संसार, म्हणून त्याचं नाव पडलं गुंड्या. तिशीत आला आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागले. रस्त्यावर कोणी खोकलं तरी तो आपल्यालाच इशारा आहे, असं त्याला वाटे. शेवटी तो दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांमागे दडून बसला, तेव्हा ताईने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं, हे ते सुचवतं. यांच्या डोक्यात त्याचा जोर वाढलाय, म्हणून परक्याचं खोकणंही यांच्यासाठीच वाटतं. त्याचा निरोप जिथे पोचतो, ती जागा गोळी अडवते. पण हातापायांच्या हालचालीही तेच रसायन सांभाळतं. त्यामुळे हात थरथरतील, पाय एका जागी ठरणार नाहीत. शिवाय गोळी आणखी एकदोन ठिकाणी लुडबुड करते, त्याने भूक आणि झोप वाढते. काहीही झालं तरी मला सांगा."

दीडदोन महिन्यांत आवाज विरले आणि ताईला आभाळ ठेंगणं झालं. गुंड्याची कंबर मात्र वर्षभरात चौतिसावरून चाळिसावर गेली. ताई त्याच्या पँटच्या शिवणीत आधीच भरपूर माया सोडी आणि लागेल तसं ते जादा कापड उसवून पँट सैल करून देई. "गोळ्या अंगी लागल्या बरं का," असं हसून म्हणे. त्याचा हात कापू लागल्यावर काजं मशीनवर गेली आणि बसवत नाही म्हणून त्याच्याकडे इस्त्री आली. दवाखान्यात "कसं चाललंय?" असं विचारलं की ताईच सांगे, "अगदी छान. आवाज गेले." गुंड्या शेजारी पाय हलवत बसलेला असे.

एके दिवशी नवीन पँटसाठी तिने त्याच्या कमरेला टेप लावली. साडेसदतीस! "वा, बारीक झालास की रे!" ती खुशीत म्हणाली आणि मापांच्या वहीत लिहायला वळली. वरच्या नोंदी पाहते तर चाळीस, चाळीस, एकोणचाळीस. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. हात स्थिर होता.

"गोळ्या कधी बंद केल्यास?"

"दोन महिने झाले."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली.

गुंड्याने खणातून कापडाचा एक तुकडा काढला. त्यावर काजांच्या ओळी होत्या. वरच्या वाकड्यातिकड्या, दोरे सुटलेल्या. खालच्या मात्र पूर्वीसारख्या. "वरच्या ओळी गोळ्या घेताना केल्या, खालच्या बंद केल्यावर," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, बरा झाला. बरा होऊन मी नुसती इस्त्रीच करायची का?"

"मग डॉक्टरांना सांगायचं नाहीस?"

"त्या विचारतात तेव्हा तूच सांगतेस ना."

ताईला फार लाज वाटली. त्या वकिलाला तिने उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि सख्ख्या भावाला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. "कसं चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सवयीने ताईचं तोंड उघडलं, पण तिने ते मिटून घेतलं. मग गुंड्याने हात, पाय, कंबर, झोप, सगळं सांगितलं. शेवटी ताईकडे न बघता म्हणाला, "आणि आवाज परत आलेत. चार दिवस झाले." हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

"गोळ्या सोडल्या की आवाज लगेच येत नाहीत, काही आठवड्यांनी येतात. तोवर माणसाला वाटतं, आपल्याला गोळ्यांची गरजच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण दुसरी गोळी थोड्या मात्रेत सुरू करू. वजन आणि साखर तपासत राहू. हिचाही त्रास होईल, कमी किंवा वेगळा. पण या वेळी मनाने बंद करू नका. मला सांगा, आपण मिळून ठरवू."

तीन महिन्यांनी आवाज पुन्हा विरत आले होते. हात अजून किंचित थरथरे, तरी दिवसाला तीन काजं चांगली उतरत. ताईने नवी पँट त्याच्या हातात दिली. तो ती घालून आरशासमोर उभा राहिला.

"कुठे काचतंय का?"

"नाही गं. ठीक आहे सगळं."

ताईने स्टूल पुढे ओढलं. "खाली बस," ती म्हणाली. तो बसला. "हं, आता सांग."