कांद्याच्या चाळीतली तेहेतीस मिनिटं

सारिका आणि तिची आई कांताबाई या दोघींवर जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी अन्याय झाला. नेमकी वेळही सांगतो. दुपारी तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी तो सुरू झाला आणि चारच्या ठोक्याला संपला. ठिकाण पुणतांब्याजवळची एक कांद्याची चाळ. आजवर मी आपल्या संघटनेसाठी अन्यायावर पत्रकं लिहिली, तेव्हा तो करणाऱ्याला पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत गाठलं. याही वेळी गाठतो. तो करणारा मी.

पहाटे साडेपाचच्या एसटीने पुणं सोडलं. पाठीवर ऊसतोड मजुरांवरच्या पत्रकांचे दोन गठ्ठे होते. मजकूर माझाच, मथळ्यापुढे तीन उद्गारचिन्हं. शिरूरच्या पुढे एका खड्ड्यात गठ्ठ्याची सुतळी सुटली आणि पत्रकं गाडीभर झाली. कंडक्टर म्हणाला, "आता सांडलीच हायत तर तिकिटाबरुबर वाटू का?" गाडी हसली. पुढच्या बाकावरच्या बाईंनी एक पत्रक उचललं, उलटसुलट बघितलं, चार घड्या घातल्या आणि न लागणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबलं. वारा थांबला. "कागद बरा जाड हाय," त्या म्हणाल्या. मी रागाने बाहेर बघत बसलो. माझ्या पत्रकाचा त्या दिवशी झालेला हा पहिला उपयोग. दुसरा पुढे सांगतो.

नगरला (कागदोपत्री अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच) गाडी बदलली, श्रीरामपूरला जीप धरली. इथून पुढे दोन्ही बाजूंना ऊस. उसाने फुगलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे अडकलेल्या मोटरसायकली, हवेत मळीचा आंबूस वास. मोकळ्या रानात ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या (पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, नि ताडपत्रीच्या झोपड्या) ओळीने उभ्या. मी वहीत लिहून घेतलं, "शोषणाचा भूगोल." स्वतःवर खूश झालो.

मी चाललो होतो हार्डकोअर पंकच्या कार्यक्रमाला. आपल्या वाचकांना हा प्रकार माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, वेग दम काढणारा, गाणं म्हणजे पोटातून ओरडणं. स्टेज नाही, तिकीट नाही, आयोजक म्हणून कोणी कंपनी नाही. ज्यांचा बँड तेच सतरंज्या अंथरतात, तेच भांडी घासतात. ऐकणारे समोर एकमेकांवर आदळत नाचतात. बघणाऱ्याला मारामारी वाटते. ती नसते.

चाळ शांतवनमामांची. मळ्याच्या कडेला लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या फटीफटीच्या भिंती, मधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. उन्हाळी कांदा येईपर्यंत ती रिकामीच असते. मामा दारात उभे होते. "सलाम," ते म्हणाले. "चर्च सुटलं की ड्रम येतोय. तवर हुलग्याची शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या, रश्शात शिजवलेल्या वळ्या) झालीय, ती हाणा."

ड्रम आला तो टेम्पोतून, आणि ड्रमवर हात ठेवून मामांची भाची रूथ. सकाळच्या उपासनेत ती भक्तिगीतांना तोच ड्रम वाजवते. मी विचारलं, "चर्चला चालतं हे?"

"पाळकसाहेब म्हनले, वाजव पन फोडू नको. तुमचं काय हाय त्या पिशवीत?"

"पत्रकं."

"अरे देवा. पत्रकवाले दादा आले गं, सारे!"

सारे म्हणजे सारिका. पाथर्डीची, वय एकोणीस, 'पाचट' नावाच्या तिघांच्या बँडची गायिका. चुलीपुढे बसून शेंगोळीखाली पाचटच सारत होती. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला येतात. यंदा त्यांची टोळी इथून सात-आठ किलोमीटरवर उतरली होती, म्हणूनच कार्यक्रम इथे ठरला होता.

"आई येनार हाय," ती म्हणाली. "पयल्यांदा. मुकादमाच्या हातापाया पडून आर्ध्या दिवसाचा खाडा (सुट्टी) घेतलाय तिनं. बाप म्हनतो बास झाला हा धिंगाना, आता लगीन, आन पुढल्या सालापासनं नवऱ्यासंगं कोयता. आई म्हनली, आदी मी ऐकते, मग बोलते." तिने पाचटाची आणखी एक मूठ चुलीत सारली. "घरात आईचं बोलनं शेवटचं असतंय. तवा आज काय ते व्हईल. कुनाला सांगू नका, दादा. पोरं उगं टेन्शन घेत्यात."

मी मान हलवली. हे सगळं मला सकाळी साडेअकरा वाजता माहीत होतं. मागाहून कळलं, अशी सबब मला नाही.

चाळीच्या दारावर खडूने दोन नियम लिहिले होते. पडला तर उचलायचा. माईक कुणाच्या हातातून ओढायचा नाही. त्याखाली चार बँडची नावं आणि वेळा. पाहुणे आधी, यजमान शेवटी. शेवटची ओळ पाचटची, साडेतीन. तिच्याखाली रेघ आणि '४ लाईट जाते'. मी ते वाचलं आणि विसरलो. इथली सगळी कामं लाईट जायच्या वेळेपासून मागे मोजत ठरतात. पाणी धरणं, दळण, आणि त्या दिवशी हा कार्यक्रमही.

कांताबाई दीडला आल्या, टोळीच्याच पिकअपने. नवं जांभळं लुगडं, घडीच्या रेघा तशाच. हाताच्या पाठीवर उसाच्या पात्याचे बारीक काप. रूथने त्यांना अगदी पुढे, पालथ्या कॅरेटवर बसवलं आणि कापसाचे बोळे दिले. "मावशे, कानात घाल. लई आवाज असतोय."

"कापूस घालूनच ऐकायचं तर कोपीत बसून ऐकलं असतं," कांताबाई म्हणाल्या आणि बोळे कमरेला खोचले. मी पत्रकं वाटत होतो, एक त्यांच्याही हातात दिलं.

अडीचला पुण्याचा बँड सुरू झाला. पहिल्याच तडाख्याला जमिनीवरची कांद्याची वाळकी सालं उडाली. फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यांत ती लाल-सोनेरी सालं आणि त्यांतून धडकणारी माणसं. तसलं काही मी पुण्यात कधी पाहिलेलं नाही. मीही घुसलो. दुसऱ्या गाण्यात आडवा झालो. पायाखाली जाणार एवढ्यात चार-पाच हातांनी मला बखोटीला धरून उभं केलं, एकाने चष्मा आणून नाकावर ठेवला, आणि पुन्हा ढकलून दिलं. कांताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "उचलत्यात की!" त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या. "मला वाटलं तुडीवत्यात."

नाशिकचा बँड झाला, नगरचा झाला. तीन पंचवीसला पाचट उभा राहिला आणि गिटारवाल्या विकीची तार तुटली. सारिका माझ्याकडे वळली. बोलायची परवानगी मी सकाळीच मागून ठेवली होती.

"दादा, तार लावस्तवर बोला. दोन मिन्टं हां."

मी माझा फोन पुण्याच्या एका पोराच्या हातात दिला. "शूटिंग कर." आणि माईक घेतला.

पहिली दोन मिनिटं मला आठवतात. बाकीची मी नंतर फोनवर पाहिली. ऊसतोड मजूर कोपीत कसा राहतो, हे मी ऐकवलं. कोपीत राहणारी बाई माझ्यापासून चार फुटांवर कॅरेटवर बसलेली होती. तार कधीच लागली होती. विकी गिटार गळ्यात घालून उभा. रूथ काठीवर काठी मारत होती, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, म्हणजे आवरा, सुरू करतोय. मला वाटलं भाषणाला ठेका मिळतोय. मी त्या ठेक्यावर वाक्यं टाकत गेलो. कोणी माईक ओढला नाही. तो त्यांचा नियम होता, आणि मी त्याच्या आडोशाला उभा होतो.

मग माझ्याकडची उदाहरणं संपली, म्हणून मी सारिकाचं दिलं. "आपल्यातच एक मुलगी उभी आहे. तिचा बाप तिच्या हातात कोयता द्यायला निघालाय, आणि आज तिची आई ठरवणार आहे..." सगळं सांगितलं. चुलीपुढे ऐकलेलं, कुणाला सांगू नका म्हणून सांगितलेलं, एकूण एक. पन्नासेक माणसं कांताबाईंकडे वळून बघायला लागली. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला.

चार वाजले. लाईट गेली. माईक मेला.

मी काय केलं? मूठ वर करून घोषणा दिली. दडपशाही नही चलेगी! मागून मामा म्हणाले, "रोजच जाती ओ चारला. दारावर लिवलंय."

तरीही मला कळलं नाही. मी फोन परत घेतला, भाषणाची चित्रफीत आपल्या संघटनेच्या सगळ्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'आवाज दाबण्यासाठी वीज तोडली!!!' तेव्हा शेजारी कोणी जनरेटरचं विचारत होतं. मांडववाल्याचा जनरेटर लग्नाला गेलेला. मामांच्या इन्व्हर्टरवर दोन बल्ब चालतात. ड्रम बिनलाईटचा वाजतो, पण गिटार वाजत नाही, आणि ड्रमवरून गळा पोचत नाही. रूथने एकदा जोरात वाजवून पाहिलं. सारिकाने तोंड उघडलं, शिरा ताणल्या, आणि आम्हाला नुसता ड्रम ऐकू आला. तिने हात वर करून थांबवलं. "न्हाई. असं न्हाई."

सव्वाचारला पिकअपचा हॉर्न वाजला. संध्याकाळी टोळीला उसाची गाडी भरायची होती. मुकादम आत आलाच नाही, नुसता हॉर्नवर हात ठेवून बसला. कांताबाई उठल्या.

"काय म्हननार हुतीस गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"सांगून न्हाई कळत, आई. ते वरडायचं असतंय."

"मला तुजं वरडनंच बगायचं हुतं." मग पदर सावरून, "तुज्या बापाला आता काय सांगू? ऐकलं म्हनू का?"

सारिकाने आईच्या लुगड्यावर चिकटलेली कांद्याची सालं एकेक करून काढली.

मी पुढे झालो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "मावशी, पत्रक वाचलंत का?" खरंच. हेच निघालं.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "सातवीपस्तोर शिकलेय मी. आमी कोपीत ऱ्हातो ते बरूबर लिवलंय. पन ते आमाला ठावं हाय, दादा." मग आवाज खाली आणून, "सारीनं घरातलं तुमाला सांगितलं. तुमी माईकवर सांगितलं. आता मी काय बी ठरिवलं तरी लोक म्हनत्याल त्या भाषनामुळं ठरिवलं. माजं तोंडच काडून घेतलं की तुमी."

आणि पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. बाजरीची भाकरी आणि ठेचा, टोळीतून लेकीच्या पाहुण्यांसाठी आणलेला. "लांब जायचंय तुमाला. खावा." पुडकं माझ्या पत्रकात बांधलेलं होतं. हा दुसरा उपयोग. पिकअप निघाला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, किंवा बघितलं असेल, धूळ फार होती.

ड्रम टेम्पोत चढवायला मी हात लावला. रूथने माझा हात शांतपणे बाजूला केला. "र्‍हाऊ द्या. तुमची गाडी चुकंल."

परतीच्या एसटीत भाकरी मांडीवर ठेवून मी चित्रफीत पाहिली. तेहेतीस मिनिटं, पूर्ण. माझ्या खांद्याआडून कांताबाई दिसतात. सुरुवातीला त्या माझ्याकडे बघतच नाहीत. मान वाकडी करून माझ्या मागे, ड्रमशेजारी उभ्या लेकीकडे बघतात, मी कधी सरकतो याची वाट बघत. मी डावीकडे सरकलो की त्या उजवीकडे सरकतात. असं कितीतरी वेळा. मग सारिकाची गोष्ट येते, आणि पदर खाली. शिरूरपर्यंत मी ती तीनदा पाहिली. पुण्यात उतरेपर्यंत तुम्ही तिच्याखाली मुठी आणि ज्वाळा चिकटवल्या होत्या, आणि ती पुढे पाठवली होती. मी माझी पुसली. तुमच्यापर्यंत माझा हात पोचत नाही.

आठवड्याने सारिकाला फोन केला. तिने उचलला, हे तिचं मोठेपण. "कोप्यांवर सगळ्यांच्या मोबाईलवर हाय ते," ती म्हणाली. "बापानं बी बगितलं. गानं कुटंच न्हाई त्यात. नुसते तुमी." आईने अजून काही ठरवलेलं नाही. टोळी उन्हाळ्याच्या तोंडाला पाथर्डीला परतेल, तेव्हा पाचट पुन्हा वाजवणार आहे, आईसाठी. मला बोलावलेलं नाही. योग्यच आहे.

मी तुम्हाला वर्षानुवर्षं मागण्या छापून पाठवल्या, सरकारकडे, कारखान्याकडे, मुकादमाकडे बोट दाखवून. आजची मागणी तुमच्याकडे आहे आणि ती एकच आहे. फोन काढा. 'वीज तोडली' लिहिलेली ती चित्रफीत शोधा. वीज कोणी तोडली नव्हती, मी खोटं लिहिलं होतं. ज्यांना ती पाठवलीत, त्या प्रत्येकाला हे कळवा आणि ती पुसायला लावा. मग तुमची पुसा. उद्या नाही, हे पान उलटायच्या आत. कांताबाईंनी लेकीचं गाणं ऐकायच्या आधी ती कुणाच्याच फोनवर उरता कामा नये.