आईच्या फोनवरची टिकली

आईच्या फोनच्या उजव्या कडेला एक लाल टिकली चिकटवलेली आहे. फोन वाजला की टिकलीशेजारचं बटण दाबायचं, ही खूण तिची तिनेच शोधलेली. आज मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तिने तो कट केला. घाबरून घरी धावलो, तर ती रडवेली होऊन बसलेली.

"अरे, बरोब्बर टिकलीपाशीच दाबत होते. माझंच डोकं चालेनासं झालंय."

फोन काल आपला आपणच अपडेट झाला होता. घड्याळ तेच, चित्रं तीच. फक्त हिरवं बटण डावीकडे गेलं होतं आणि त्याच्या जागी लाल आलं होतं. वर कंपनीची मखलाशी अशी, की आपला अनुभव अधिक चांगला केला आहे. कुणाचा अनुभव? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? सुरक्षेतली आतली भोकं बुजवा की हवी तेवढी! पण वर्ष उलटलं की नव्या आवृत्तीचा आकडा मिरवायचा, आणि तो दिसावा म्हणून माझ्या आईने स्वतःला वेडी समजायचं?

मी टिकली सोलून डाव्या कडेला चिकटवली आणि रागारागाने अंगठ्याने दाबली.

"एवढी घट्ट नको दाबूस," आई म्हणाली, "पुन्हा काढावी लागेल."