सोडून जाणाऱ्या बाई आणि पंपाची किल्ली

कोलकात्याला बदली झाली तोवर भाड्याचं घर शोधण्यात मी चांगली तयार झाले होते. बँकेच्या नोकरीतलं हे माझं पाचवं शहर. नवऱ्याचं काम घरूनच चालायचं, त्याला एक शांत खोली मिळाली की झालं. मुलगी नऊ वर्षांची, तिच्या शाळेची बस जवळ यायला हवी. बाकीचं सगळं बघणं माझ्याकडे. भिंतीला ओल आहे का, ऊन कोणत्या खोलीत येतं, पावसात गल्लीत पाणी कुठवर चढतं, हे मी एका फेरीत हेरायचे. शेवटचं मात्र घरमालकाला कधी विचारायचं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारायचं, तो हात गुडघ्याला लावून दाखवतो.

माझा आणखी एक नियम होता. जमलं तर घर सोडून जाणाऱ्या माणसाला गाठायचं. एवढं चांगलं घर तो का सोडतोय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

भवानीपूरच्या त्या घराचा पहिला मजला मला पायरीवरच आवडला. लाल गुळगुळीत जमीन, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, मेट्रो पाच मिनिटांवर. तळमजल्यावर घरमालक राहायचे आणि वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, पाण्याला चांगला जोर होता. नवरा हळूच म्हणाला, "अगं, आता आणखी काय बघायचंय? हो म्हणून टाक."

आतल्या खोलीत भाडेकरू बाई वर्तमानपत्रात कप गुंडाळत बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. आता बहिणीकडे निघाल्या होत्या. घर कसं आहे, असं मी विचारलं तर आमच्यासोबत आलेल्या दलालाकडे बघत म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे."

मी नवऱ्याला आणि दलालाला म्हटलं, "तुम्ही दोघं गच्ची बघून या." ते वर गेले, तशी मी बाईंसमोर जमिनीवर बसले आणि कप गुंडाळायला घेतले. दोन-तीन कप झाले. मग त्या माझ्याकडे न बघताच हिंदीत म्हणाल्या, "पाण्याचं विचारलंत?"

"नळ सोडून पाहिला. येतंय की."

"आज येतंय. धाकटे घरी आहेत ना."

हळूहळू सगळं कळलं. गच्चीवरची टाकी भरणाऱ्या पंपाचं बटण वरच्या जिन्यात एका पेटीत होतं आणि पेटीला धाकट्या भावाचं कुलूप. हा मजला त्यांच्या वडिलांचा, दोघांच्या नावावरचा. थोरल्यांनी धाकट्यांना न विचारता तो भाड्याने दिला होता. तेव्हापासून धाकटे अधूनमधून बराकपूरला सासरी चार दिवस जायचे, ते स्वतःकडच्या बादल्या भरून, कुलूप लावून आणि किल्ली खिशात घालून. थोरल्यांच्या तळमजल्याला रस्त्यावरच्या नळाचं पाणी थेट यायचं. हाल व्हायचे ते मधल्या मजल्याचे.

"सहा वर्षं मी खालून बादल्या वाहिल्या," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी वर जाऊन भेटायला हवं होतं. नंतर मी थोरल्यांचं माणूस झाले. मग कुठल्या तोंडाने जाणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला फार लागलं. मी उठले आणि सरळ वर गेले.

धाकट्या भावांनीच दार उघडलं. साठीचे गृहस्थ, हातात चष्मा. पाठीमागे त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. खालचा मजला बघायला आले आहे. घर घेण्याआधी ते ज्यांचं आहे त्या सगळ्यांना विचारावं, म्हणून आले."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट पाहिलं. मग म्हणाले, "हे घर घेऊ नका."

"ते तुम्ही दोघं काय म्हणता त्यावर ठरवीन. करारावर दोघांची सही आणि त्या पेटीची एक किल्ली माझ्याकडे, एवढं झालं तर घेईन."

"दादा माझ्या शेजारी सही करणार नाही."

"मग मी दुसरीकडे बघेन," मी म्हटलं. त्यांच्या पत्नीने तेवढ्यात चहाचं विचारलं. मी चहा घेतला आणि खाली आले.

थोरल्यांनी ऐकून घेतलं. गोरापान, करारी माणूस. "हा आमचा घरातला प्रश्न आहे," ते म्हणाले.

"हो. पण पाणी माझ्या घरातलं असेल."

"अशा अटी इथे कुणी घातल्या नाहीत. दुसरं घर बघा."

मी नमस्कार करून निघाले. टॅक्सीत नवरा चिडला होता. "थोडं गोड बोलली असतीस तर? महिन्यातून चार दिवसांचा तर प्रश्न." मी म्हटलं, "त्या चार दिवसांत बादल्या तू वाहणार असशील तर आत्ता परत फिरू." त्याला हसू आलं. हाताशी आलेलं ते घर सोडून येताना मलाही वाईट वाटत होतं, पण चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

पुढचे पाच दिवस आम्ही बँकेच्या गेस्टहाऊसमधून आणखी घरं पाहिली. खिदिरपूरला एक मोठं होतं, पण गोदीचे ट्रक खिडकीखालून जायचे. सहाव्या दिवशी थोरल्यांचा फोन आला. "तुमच्यानंतर आलेल्यांनीही पाण्याचंच विचारलं. संध्याकाळी या. धाकटा सही करायला येतोय खाली."

जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोघे भाऊ बसले होते. थोरल्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला, धाकट्यांकडे नव्हे. मी तो पुढे नेला. धाकट्यांनी प्रत्येक पान वाचलं, सही केली, आणि खिशातून नवी करून आणलेली किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

त्या रात्री शिक्षिकाबाईंना फोन करून सांगितलं. "दोघांनीही?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "बरं झालं." मला वाटतं, त्यांना आनंद झाला आणि दुःखही.

त्या घरात आम्हाला आता तिसरं वर्ष आहे. भाऊ अजून बोलत नाहीत. त्यांचा समेट घडवायला मी गेले नव्हते आणि तसा प्रयत्नही करत नाही. धाकटे बराकपूरला निघाले की जिन्यात थांबून मला सांगतात, मग मी सकाळी पंप लावते. मुलगी दुपारी वर त्यांच्या पत्नीकडे जाते. मराठीत अडखळते, पण बंगालीत भांडतेसुद्धा. ऑफिसात बदली होऊन आलेले लोक विचारतात, घर बघताना काय बघायचं? मी ओल सांगते, गल्लीतलं पाणी सांगते. मग सांगते की, घर नक्की कुणाकुणाचं आहे ते शोधा, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दारावर आधीच जाऊन या. पुष्कळांना हे आगाऊपणाचं वाटतं. मला अजिबात वाटत नाही.