तांब्याची हिरवी सावली

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मालवणातल्या आमच्या घरी. फडकं माझ्या हातात होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी वडिलांना बोलणार आहे, आणि दुसऱ्याला बोलताना स्वतःला वगळणारी माणसं मला सभेत आवडत नाहीत, कागदावरही नाहीत.

ताई तेव्हा एकोणीस वर्षांची, मी पंधरा. वडिलांचं दोरखंड आणि शिडाच्या कापडाचं दुकान. ताईची शाळा संपली आणि तिला बाहेर पाठवायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. चित्रं काढायची मुभा होती ती माजघरामागच्या खोलीत, न्याहारीची भांडी घासून झाल्यावर आणि दुपारचा भात चढवायच्या आधी. खोलीला एकच खिडकी, खिडकीसमोर शेजाऱ्यांचा उंच दगडी गडगा. गडग्यावरून उजेड आत यायचा तो दोन तास. तेवढाच ताईचा दिवस.

तिला शिकवायचे ते ख्रिस्ती मास्तर, निवृत्त ड्रॉइंग शिक्षक. गोव्याच्या नातलगांनी पूर्वी दिलेल्या तैलरंगांच्या ट्यूबा त्यांनी तिला दिल्या होत्या. कॅनव्हास म्हणजे आमच्याच दुकानातलं शिडाचं कापड, वर सरस आणि खडू फासलेला. मांडणी साधी: तांब्याचा तांब्या, फोडलेल्या नारळाची कवड आणि एक तवसं, आमच्याकडची मोठी काकडी. तवसं रोज पिकत होतं. काल हिरवं होतं तिथे आज पिवळं, देठाकडून तपकिरी. पावसाळी हवेत रंग मात्र सुकता सुकत नव्हता. ताई वैतागायची, मास्तर हसायचे.

"बरा आसा मगे! ओलो आसा तवसर काम कर," ते म्हणायचे. "चेडवा, दोन रंगांची भांडणां लावू नको. मधे एक रंग आसता, तो दोघांचोय. तेका शोध. आणि बोटान चोळू नको, चिखल होता."

ती शोधायची. डोळे बारीक करून तांब्याकडे बघत बसायची. उजेडाकडची बाजू लालसर केशरी, ती वळता वळता विटकरी, मग मातकट, आणि अगदी कडेला, तवशाची झाक पडत होती तिथे, हिरवट करडी. पाच-सहा छटा तिने पट्ट्यांसारख्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोरड्या ब्रशने त्यांच्या शिवणी तेवढ्या हलक्या हाताने मोडल्या. मी दारातून बघितलं तर तांब्या गोल झाला होता. हात घालून उचलावा असा. तीन आठवडे गेले त्याला.

हे चित्र मुंबईच्या एका चित्रकला शाळेत जायचं होतं. मास्तरांची तिथे ओळख होती, पत्र लिहून तयार होतं, राहायची सोय त्यांच्या बहिणीकडे. चित्र बघून शाळा ताईला घेणार की नाही ते ठरवणार होती. वडील "बघूया" म्हणाले होते. तेवढ्यावर आम्ही दोघी रात्रभर बोलत होतो. मंगळवारी पहाटेच्या एस.टी.ने शेजारचे काका मुंबईला निघणार होते. ओलं चित्र न्यायला मास्तरांनी फळ्यांची खास पेटीही करून आणली होती.

आणि सोमवारी चतुर्थीची साफसफाई निघाली. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते, पाटाला, फडताळाला, चामड्याच्या चपलेला. ती रॉकेलच्या फडक्याने पुसतात. ताई विहिरीवर होती. मी मागच्या खोलीत पुसत होते तिथे वडील आले, चित्रासमोर थांबले.

"बघ गो, तांब्याक बुरशी इली. उद्या मुंबयक जावचा आसा ता. पूस."

मी पुसली. एका दमात.

ताई घागर घेऊन आली. घागर तिने आधी नीट खाली ठेवली.

"काय केलंस गो?"

"बुरशी होती."

"ती बुरशी नाय. ती सावली."

वडील हसले. "सावली कधी हिरवी आसता? आता बघ कसो लखलखता!"

लखलखत होता खरा. कडेच्या सगळ्या छटा गेल्या होत्या, लाल रंग सपाट होऊन एकदम कापडाला भिडला होता. कागदातून कातरून चिकटवल्यासारखा तांब्या. ताईने दुपारी पुन्हा रंग लावायला घेतला, पण उजेड गेला होता, आणि खालचं रॉकेल काही धरू देत नव्हतं.

मंगळवारी काका चित्र न घेताच गेले. फडक्याचा दोष माझा. पुढचा माझा नाही. मास्तर गुरुवारी आले आणि म्हणाले, महिनाभरात दुसरं काढू, मी शाळेला कळवतो. वडील गोड बोलले, चहा दिला, चित्राबरोबर जायचं मास्तरांचं पत्र स्वतःकडे ठेवून घेतलं. मास्तर गेल्यावर म्हणाले, "एकदा झाला ना? आता घरात बसून काढ. कोण नको म्हणता?"

नको कोणीच म्हणालं नाही. म्हणूनच भांडायला कुणी सापडलं नाही. मी आता गावोगाव पत्रकं वाटते, तालुक्याच्या साहेबाला तोंडावर विचारते. पण त्या खोलीत कुणाविरुद्ध घोषणा द्यायची, हे मला अजून कळलेलं नाही.

ताई आज चोवीस वर्षांची आहे. त्याच खोलीत बसून दुकानात येणाऱ्या नाखव्यांसाठी होड्यांच्या नावाच्या फळ्या रंगवते. निळ्यावर पांढरी अक्षरं, कडा सुरीसारख्या. मधला रंग लागतच नाही. मास्तरांच्या पेटीत सुतळीच्या गुंड्या आहेत. ते पत्र दुकानाच्या फडताळात मला गेल्या महिन्यात सापडलं, घडीवर घडी, बुरशी लागलेलं. ती कुणी पुसली नव्हती.

मी ते ताईला दिलं. ती म्हणाली, "आता शाळेच्या वयात बसतंय की नाय, कोणाक ठाऊक." मी म्हटलं, विचारू. नवं तवसं आणलंय. खिडकीसमोरचा गडगा दोन हात उतरवायला शेजाऱ्यांकडून कबूल करून घेतलंय.

तुमच्याही फडताळात एखाद्या मुलीचं असं कागदपत्र पडलेलं असेल. तुम्हाला ठाऊक आहे कुठलं. हे वाचून ठेवलंत की उठा, ते काढा, तिच्या हातात द्या, आणि तिच्याबरोबर चालत पोस्टापर्यंत जा. "बघूया" म्हणू नका.