चौथ्या पखालीची शिवण

पहिल्या महायुद्धाच्या पाच वर्षं आधी, भाद्रपदात, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घोड नदीत आमच्या सेक्शनचा तराफा उलटला. तराफ्यावर तिघे होते. दोघे काठाला लागले. सॅपर, म्हणजे फौजेत पूल-रस्ते बांधणारा शिपाई, कासम बुडाला.

मी त्या सेक्शनचा नायक होतो. मंचरच्या वरच्या अंगाला आमचा कॅम्प होता. पूल नसलेली नदी सामानासह ओलांडायची, असा सराव होता. बांबूची चौकट आणि तिच्याखाली बारा पखाली. पखाल म्हणजे पाणी वाहायची कातड्याची पिशवी. हवा भरून तोंड बांधलं की ती तरंगते.

हवा तोंडानं भरावी लागे. कातड्याला तोंड लावायला आम्ही दहा हिंदू तयार नव्हतो. कासम जुन्नरचा, त्याच्या घरी पखाली शिवण्याचाच धंदा. म्हणून शिवणं, तेल लावणं, फुगवणं, सगळं त्याच्याकडे गेलं. तसा हुकूम नव्हता. वाटणी मी केली होती आणि ती सगळ्यांच्या सोयीची होती.

अवसरीचा गेनू बांबू बांधता बांधता त्याला डिवचायचा.

"कासमभाई, गाल फुटतील की रं."

"फुटू दे. शिवाया मी हाय. तुझा बांबू सुटला तर कोन बांधनार?"

दोघांची मैत्री होती. जेवण मात्र वेगळं. आमच्या चुलीभोवती पाण्याची रेघ असे. बूट आणि पट्टा काढून आम्ही आत बसायचो. जेवताना मी बोलत नसे.

त्या दिवशी साडेअकराला मी जेवत होतो. कासम आला आणि रेघेपासून चार पावलांवर उभा राहिला.

"नायक, एक सांगायचं व्हतं."

मी हातानं 'नंतर' अशी खूण केली. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. गेनू माझ्या शेजारी जेवत होता.

एक वाजता कॅप्टननं बोलावलं. पाणी चढत होतं, म्हणून चारची वेळ तीनवर आणली. मी सेक्शनला घाईनं कामाला लावलं. खिळ्यांच्या पेट्या चढल्या. तीनला पाच मिनिटं असताना कासम पुन्हा जवळ आला.

"नायक, ती चौथी..."

"आता काही नाही. साहेब घड्याळ बघतायत. चढ."

तो चढला. गेनू आणि आणखी एक जण आधीच वर होते.

मधल्या धारेत तराफ्याचा एक कोपरा खाली गेला. पेट्या त्या बाजूला सरकल्या. तराफा पालथा झाला तेव्हा कासम त्याच कोपऱ्यावर होता.

गेनू काठावर आला आणि मला म्हणाला,

"चौथीची शिवण उसवली व्हती. सकाळीच त्याला दिसलं, पन बांधलेली पखाल सोडून शिवाया तुमचा हुकूम पायजे व्हता. चढताना मला म्हनला, नायकांना सांगाया गेलो, पन जमलं न्हाई. आता मीच हातानं दाबून धरतो."

"तू हात लावून बघितलं नाहीस?"

"पखालीला आमी कवा हात लावला, नायक?"

तिसऱ्या दिवशी इन्क्वायरी झाली. सुभेदारानं विचारलं, "बिघाडाची खबर तुला होती का?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. खबर माझ्यापर्यंत पोचली नव्हती, एवढं खरं होतं. ती का पोचली नाही, ते मी सांगितलं नाही. गेनू बाजूलाच उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. रिपोर्टमध्ये दोष शिवणाऱ्याचा लिहिला गेला.

चौथ्या दिवशी हुकूम आला: पखाली प्रत्येकानं आलटून पालटून फुगवायच्या. कुणी नकार दिला नाही. पहिली मी फुगवली. शिवण कशी तपासायची, हे सांगणारं सेक्शनमध्ये कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी नदीच्या खालच्या वळणावर प्रेत सापडलं. कासमला जुन्नरच्या कबरस्तानात पुरलं. सेक्शनमधले नऊ जण रजा घेऊन गेले. गेनूनं खांदा दिला. मी रजा मागितली नाही.