यशवंतपूरच्या घरात दूध उतू जाईना

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बंगळूरच्या एका हायस्कुलात मी जन्मभर विज्ञान शिकवलं. नारळ, लिंबू, दृष्ट काढणं... सगळ्याची टिंगल करणारी बाई मी. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझी मोठी बहीण शांताक्का बंगळुरातच यशवंतपूरला, मार्केटच्या मागे, एका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नवरा वारलेला, मुलगी विद्या पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. खाली घरमालक — आमचेच लांबचे नातेवाईक, हणमंतअण्णा. या माणसाला एकच ध्यास. रिटायर व्हायच्या आत पाच घरं भाड्यानं लावायची! दर दसऱ्याला सगळ्यांना ऐकवायचे, "यंदा तिसरं झालं", "यंदा चौथं झालं". पाचव्यासाठी जागाही हेरून ठेवली होती. तेवढ्यात पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं बंगळुरात यायला लागली, मागाल तेवढा अ‍ॅडव्हान्स देणारी. झालं! शांताक्का अण्णांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"अण्णा, विद्याची परीक्षा तेवढी होऊ द्या. मग मी आपणहून जाते," अक्का म्हणाली.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट कर ग. पोरं काय, कुठंही अभ्यास करतात," अण्णा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टाकीतून तिच्याकडे येणारं पाणी बंद केलं. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती पोर रस्त्यावरच्या नळावरून बादल्या वाहत होती.

आठवडाभरात अक्कानं घर सोडलं आणि विद्याला घेऊन माझ्याकडे आली. मी अंगणात उभी राहून अण्णांना तोंडाला येईल ते बोलले. जाताना अक्कानं मात्र किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि कानडीत एवढंच म्हणाली, "सरी अण्णा", म्हणजे ठीक आहे. विद्या गणितात नापास झाली. तिचं इंजिनिअरिंग हुकलं ते हुकलंच. तो राग आजही माझ्या पोटात आहे.

आता पुढचं ऐका. आमच्या गावात नवा भाडेकरू सामान आणण्याआधी घरात दूध तापवतो आणि मुद्दाम उतू जाऊ देतो. उतू गेलं की घर लाभलं. पहिलं जोडपं आलं. स्टोव्ह पेटवला, दूध काठापर्यंत आलं... आणि खाली बसलं. पुन्हा आलं, पुन्हा बसलं. आटून बासुंदी व्हायची वेळ आली, पण थेंब सांडेना! बाईनं पातेलं उचललं आणि अ‍ॅडव्हान्स परत मागितला. दुसरे आले — तेच. मग एक कॉम्प्युटरवाला आला, "मी असलं काही मानत नाही" म्हणाला. पण पुण्याहून त्याची आई आली, तिनं दूध ठेवलं, आणि लेकाला दुसरीकडे घर बघायला लावलं.

लोक बोलायला लागले, हा शांताक्काचा तळतळाट.

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. पण डोकं विज्ञानवालीचं, ते गप्प बसेना. मी स्वतः गेले. एकाच पाकिटातलं दूध, एकच पातेलं, एकच स्टोव्ह. खाली अण्णांच्या स्वयंपाकघरात भसकन उतू गेलं. वर नेलं — काठाशी येऊन बसलं. खिडक्या लावल्या, दारं लावली. छे!

घर रिकामं ते रिकामंच. अ‍ॅडव्हान्सचे पैसे हातात नाहीत म्हणून पाचव्या जागेचा सौदा फिसकटला. शेवटी अण्णा आमच्या दारात आले, हात जोडून. "शांते, चुकलो. परत ये, जुन्याच भाड्यात राहा. पण एकदा तुझ्या हातानं दूध तापव."

अक्का गेली. मी सोबत होते. तिनं पातेलं ठेवलं... आणि दूध असं उसळलं की ओट्यावरून जमिनीवर आलं! अण्णांच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या, अण्णांच्या डोळ्यांत पाणी. अक्कानं स्टोव्ह बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं.

"गेलं उतू, अण्णा. पण मला नको तुमचं घर," म्हणाली आणि जिना उतरली. अण्णा मागनं हाका मारत राहिले. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानंतर तिथं कुणाचंच दूध उतू गेलं नाही. अण्णा रिटायर झाले तेव्हा भाडं देणारी घरं तीनच होती, चौथ्याला कुलूप. मी आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, ते नुसते हसले. मलाही आजतागायत कारण सापडलेलं नाही.

म्हातारपणी अण्णा त्या कुलपाकडे बघत खाली ओसरीवर बसायचे. लोक विचारतात, कीव नाही आली? आली असती कदाचित. पण विद्या आज एका कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडत उभी असते. तिला पाहिलं की नाही येत.